अक्काच्या हळदीवरची माझी बोली

साताऱ्यात माझं विजेच्या सामानाचं दुकान आहे. गेली चार वर्षं सकाळी सव्वानऊ ते साडेअकरा या वेळात मी तिथे कुणालाही बल्ब विकत नाही. गल्ल्यामागे एक छोटा कॉम्प्युटर ठेवलाय आणि मी त्याच्याकडे टक लावून बसलेला असतो. त्या वेळात दुकान बायको सांभाळते. गिऱ्हाइकाने विचारलं तर ती सांगते, "ते बाजार बघतायत." नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, कुठल्या बाजारात नवं काय आलंय ते मी बघतोय, आणि तो मला टोमॅटोचा भाव विचारतो. मीही सांगून टाकतो.

मी बघतो ते शेअर बाजारातले सौदे. भावाची चित्रं काढून त्यातून भविष्य सांगणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. माझ्या पडद्यावर एक शिडी असते. शिडीच्या प्रत्येक पायरीवर एक भाव. डाव्या हाताला, त्या भावाला किती जण घ्यायला उभे आहेत त्याचा आकडा, आणि उजव्या हाताला, किती जण विकायला उभे आहेत त्याचा. शेजारच्या रकान्यात, खरोखर किती माल हातोहात गेला ते. हे सगळं दर क्षणाला हलत असतं. घेणाऱ्यांचा जोर जास्त की विकणाऱ्यांचा, हे त्या हलण्यातून ओळखायचं, एवढीच ती विद्या.

ऐकायला सोपी वाटते. पण शिडीवर उभे असलेले आकडे म्हणजे नुसतं बोलणं. "मी इथे घेईन बरं का," असं म्हणणारा माणूस भाव जवळ आला की मागच्या दाराने पसार होतो. मोठमोठे खेळाडू मुद्दाम मोठा आकडा लावून ठेवतात. बाकीचे तो बघून धावतात, आणि मग आकडा गुल. खरी गोष्ट शेजारच्या रकान्यात असते, झालेल्या सौद्यांच्या. आणि त्यातही सगळ्यांत सुंदर प्रसंग कोणता, तर विकणारे धडाधड विकतायत आणि भाव तसूभरही खाली येत नाही. याचा अर्थ खाली कोणीतरी पदर पसरून बसलंय. गाजावाजा नाही, आरडाओरडा नाही, येईल तेवढं घेतंय. तो घेणारा दिसला की माझ्या अंगावर काटा येतो. हौशी नाटकांत तीस वर्षं काढलेल्या माणसाला, एकही वाक्य न बोलता रंगमंच खाणारा नट दिसला की जे होतं, ते मला तेव्हा होतं.

या विद्येवर मी किती कमावलं हे विचारू नका. बायको विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. पण बोललो मात्र पुष्कळ. दिवाळीत, बारशाला, तेराव्याला, जिथे दोन माणसं बसलेली दिसली तिथे मी घेणाऱ्यांचा जोर आणि विकणाऱ्यांचा जोर समजावून सांगितला. आणि सगळ्यांत जास्त सांगितलं माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला.

अक्का सांगलीजवळच्या एका गावात राहते. दाजी लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते दिवसाला साधारण अकरा शब्द बोलतात, त्यांतले चार बैलाशी. त्यामुळे घरातलं बोलणं आणि शेतातला हिशेब, दोन्ही खाती अक्काकडे. ऊस आहेच, पण दोन एकरांत ती हळद लावते. शिजवून, वाळवून, पॉलिश करून सांगलीच्या मार्केट यार्डात नेते. आणि दर वर्षी तिच्या मनात एकच खुपायचं: हळकुंडं आपण विकायची, आणि तीच हळद दळून, पुडीत भरून, दुसऱ्याच्या नावाने आपणच दुकानातून विकत आणायची.

गेल्या हंगामात तिने ठरवलं की आता आपणच दळायची. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तिने एक गाळा बघितला. लहानसा, पत्र्याचा, पण थ्री फेज वीज असलेला. गाळ्याच्या मालकाने तिला शब्द दिला होता, पण मुदत घालून. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अनामत आणून दिली तर गाळा तिचा. नाही तर शेजारी नट-बोल्ट करणारा कारखानदार गोदामासाठी टपूनच बसला होता. अनामत यायची होती हळदीच्या साठ पोत्यांतून. अक्काने बोटांवर गणित केलं होतं. क्विंटलला पंधरा हजार मिळाले तर गाळा आला. त्याच्या खाली गेलं तर गाळा गेला. मधलं काही नाही.

बुधवारी तिचा फोन आला.

"शुक्रवारी सौदा हाय. तू ये."

"मी येऊन काय करू? मला हळदीतलं काय कळतंय?"

"दोन वरीस झालं माझं डोस्कं खातूयास, घेनाऱ्याचा जोर आन् इकनाऱ्याचा जोर. आता जोर बघायचा हाय तर दुकानात बसतूस व्हय? ये गुमान."

गेलो. पण गुमान नाही गेलो, आणि इथेच सगळं बिघडलं.

झालं काय, की एसटीच्या प्रवासात कराड येईपर्यंत माझ्या डोक्यात एक कल्पना शिरली आणि इस्लामपूरपर्यंत ती मला फार थोर वाटू लागली. पडद्यावर मोठे खेळाडू काय करतात? मोठी मागणी असल्याचा देखावा करतात. आपणही करायचा. मी नाटकांत आयुष्यभर शेठजीच्याच भूमिका केल्या आहेत. माझं पोटच तसं आहे. पिशवीत पांढरा लिननचा शर्ट होता, नाटकातलं सोनेरी घड्याळ होतं, काळा चष्मा होता. हे सगळं मी साताऱ्याहूनच बरोबर घेतलं होतं, म्हणजे कल्पना कराडच्याही आधी शिरली असणार. असो.

सांगलीचा यार्ड हळदीच्या हंगामात पिवळा असतो असं म्हटलं तर ते कमीच होईल. हमालांच्या भुवया पिवळ्या, चहावाल्याच्या किटलीचं बूड पिवळं, कुत्र्यांची शेपटं पिवळी. अक्काचा माल ज्या अडतीत उतरला होता तिथले अडते म्हणजे चाचा. सत्तरीच्या पुढचे, पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी. तीन पिढ्या त्यांच्या घराण्यात हळदीची अडत. शेतकऱ्याचा माल आपल्या दारात उतरवून घ्यायचा, खरेदीदारांना बोलावून बोली लावायची आणि सौदा ठरला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, लिहून पैसे भागवायचे, हे त्यांचं काम. अक्का गेली वीस वर्षं त्यांच्याकडेच माल घालते.

चाचांनी गादीवर बसवून चहा दिला. अक्काने माझी ओळख करून दिली ती अशी: "ह्यो माझा भाव. ह्यो म्हनं कॉम्प्युटरात बघून सांगतो, कोन घेनार हाय आन् कोन नुस्तं बडबडनार हाय."

चाचांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं. "लय भारी काम हाय की, पावणं. आम्हाला हे हाताला शिकावं लागलं."

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी सौदे असे उघड बोलीने होत नसत. अडत्याच्या आणि खरेदीदाराच्या हातांवर एक रुमाल टाकायचा, आणि त्याच्याखाली बोटं धरून भाव सांगायचा. कोण किती म्हणाला ते दुसऱ्याला कळायचं नाही. चाचांच्या वडिलांनी त्यांना पोरवयातच रुमालाखाली हात घालायला लावला होता.

"बोटं किती धरली त्यो झाला भाव," चाचा म्हणाले. "पर कशी धरली, ते खरं. ज्याला माल पायजेच, त्यो बोट आवळतो. त्याला सोताला बी ठावं नसतं आवळलंय म्हनून. आन् ज्याला फकस्त चारचौघांत दिसायचं असतं, त्याचा हात मेल्यावानी गार."

"आणि आता? आता रुमाल नाही, मग कसं ओळखता?"

"आता बी हात दिसत्यात की. बगायचं."

हे वाक्य मी माझ्या विद्येला मिळालेलं प्रशस्तिपत्र समजलो आणि चहा संपवून, लघवीला जातो म्हणून, कपडे बदलायला गेलो.

बोली चाचांचा थोरला मुलगा पुकारत होता. तो सकाळपासून बाहेर पोती फोडून घेण्यात गुंतला होता, त्यामुळे त्याने मला पाहिलेलं नव्हतं. अक्काच्या साठ पोत्यांपैकी चार-पाच पोत्यांची तोंडं उसवून त्यांतली हळकुंडं पुढे पसरली होती. पंधरावीस खरेदीदार भोवती जमले. कोणी हळकुंड मोडून आतला रंग बघत होता, कोणी वास घेत होता. परगावचे व्यापारी आले की ते एखाद्या ओळखीच्या परवानाधारक खरेदीदाराच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि त्यांची बोली त्या खरेदीदाराच्या नावावर धरली जाते. ही रीत मी चहा पिताना चाचांकडूनच काढून घेतली होती. त्यामुळे मी गेलो आणि पोपटी शर्टातल्या एका खरेदीदाराच्या खांद्याशी जाऊन उभा राहिलो. तो गृहस्थ सगळ्यांत जास्त आवाज करत होता, म्हणून मला तो आवडला.

अक्का पोत्यांच्या थप्पीजवळ उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, काळ्या चष्म्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी तिच्याकडे बघितलंच नाही. भूमिकेत शिरलो होतो.

बोली तेरा हजारांना सुरू झाली. पोपटी शर्टवाला लगेच गर्जला, "साडेतेरा. आन् हळद हाय का भुईमूग, ते नंतर बगू." लोक हसले. तो प्रत्येक बोलीला काहीतरी विनोद जोडत होता आणि दोनशे-दोनशेने चढत होता. त्याच्या समोर, घोळक्याच्या कडेला, एक बुटका माणूस होता. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, कानामागे पेन्सिल. तो तोंडाने काही बोलत नव्हता. कोणी बोली लावली की पेन्सिल काढायचा, नुसती वर करायचा, शंभर वाढवायचा, परत कानामागे. पोपटी दोनशे ओरडायचा, हा शंभर वाढवायचा. चौदा हजार. चौदा दोनशे. तीनशे. पाचशे. सहाशे.

आता, मी चार वर्षं पडद्यावर ज्याला शोधत आलो तोच हा पदर पसरून बसलेला माणूस, माझ्यासमोर चार हातांवर उभा होता. आणि मी काय बघत होतो? पोपटी शर्ट.

चौदा आठशेला पोपटी थांबला. थांबला म्हणजे, विनोद केला आणि बोली केली नाही. पेन्सिलवाला चौदा नऊशेवर होता. चाचांचा मुलगा पुकारायला लागला, "चौदा नऊशे एक..." अक्काने पदराचं टोक मुठीत धरलं. शंभर कमी पडत होते. माझा प्रवेश आला होता. मी नाटकातला शेठजीचा आवाज काढला, जरा नाकातून:

"पंधरा."

सगळे वळले. पेन्सिलवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, पेन्सिल वर केली. पंधरा शंभर.

इथे मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट सांगायला उरलीच नसती. अक्काचे पंधरा झाले होते, वर शंभर आले होते, गाळा हातात होता. मला फक्त चष्मा काढून लघवीला परत जायचं होतं. पण मला वाटलं, बघा, कसा जोर आलाय. घेणारा तापलाय. अजून ओढू. आणि टाळ्या मिळालेल्या नटाला दुसरं वाक्य घेण्याचा मोह जसा आवरत नाही, तसं माझ्या तोंडून निघालं:

"पंधरा पाचशे."

बुटक्या माणसाने पेन्सिल कानामागून काढली. बघितली. आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"पंधरा पाचशे एक," चाचांचा मुलगा म्हणाला. "पंधरा पाचशे दोन." मी पोपटी शर्टवाल्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. "पंधरा पाचशे तीन. कुणाचं म्हनायचं? तुमचं काय वो?"

"माझं?" पोपटी शर्टवाला म्हणाला. "ह्यांना मी आजच बगतूय. मला वाटलं तुमचं पावणं हायती."

तेवढ्यात मला शिंक आली. हळदीची धूळ होती ती, पण वेळ चुकली. शिंकेने काळा चष्मा खाली आला आणि चाचांच्या मुलाच्या मागे, गादीवरून उठून दारात आलेले चाचा मला दिसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

चाचा पुढे आले आणि सगळ्या खरेदीदारांसमोर म्हणाले, "ह्यो सौदा मोडला. मालकिणीचा सख्खा भाव हाय त्यो. त्याला रीत ठावं नव्हती. माझ्या दारात झालं, तवा चूक माझी. माफ करा मंडळी."

सत्तरी ओलांडलेला माणूस, तीन पिढ्यांची अडत, आणि माझ्या सोनेरी घड्याळापायी त्याला हात जोडावे लागले. मी आजवर रंगमंचावर वाक्यं विसरलोय, मिशी पडलीय, एकदा तर पडदा माझ्या डोक्यावर आला. तेव्हा जे वाटलं नव्हतं, ते तिथे वाटलं.

"मग पंधरा शंभर त्यांचं धरा की," मी पेन्सिलवाल्याकडे बोट केलं.

"वरची बोली आली की खालची मेली, पावणं," चाचा म्हणाले. "त्यो आता मोकळा हाय."

पेन्सिलवाला पुढच्या अडतीकडे निघालाच होता. जाता जाता पोपटी शर्टवाला हळकुंड परत पोत्यात टाकत म्हणाला, "घरच्यास्नी बोली लावायला लागतीया, म्हंजे मालात कायतरी असंल." आणि दहा मिनिटांत तेच वाक्य सगळ्या यार्डात फिरलं. अक्काची राजापुरी जातीची हळद, जिचा रंग बघून सकाळी दोघांनी माना डोलावल्या होत्या, ती आता संशयित झाली होती.

अक्का मला एवढंच म्हणाली, "ते घड्याळ काड." मी काढलं.

नाटकातल्या घड्याळाचं काम संपलं होतं, आता भिंतीवरच्या खऱ्या घड्याळात साडेबारा वाजले होते. कुपवाडच्या मालकाला संध्याकाळपर्यंत पैसे हवे होते. चाचा गादीवर बसले, मला समोर बसवलं.

"तुमी कॉम्प्युटरात काय बगता?" त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती. खरंच विचारत होते.

मी सांगितलं. या वेळी लहान आवाजात. उभे आकडे म्हणजे बोलणं, झालेले सौदे म्हणजे खरं, आणि गाजावाजा न करता घेत राहणारा ओळखायचा.

"मग सकाळपासनं त्या पेन्सिलवाल्यानं किती घेतलं?"

मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

"जावा. त्याची गाडी मागच्या गेटाला लागलीया. तिथं हुबं ऱ्हावा. तोंड उघडायचं न्हाई, कुणाला काय इचारायचं न्हाई. काय दिसतंय तेवडं बगून या."

गेलो. मागच्या गेटाला एक मोठा ट्रक उभा होता. सावलीला उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्धा तास, तोंड न उघडता, दुसऱ्याचं काम बघितलं. हमाल वेगवेगळ्या अडतींतून पोती आणत होते. एकीकडून आठ, एकीकडून वीस, एकीकडून पाच. कुठेच मोठा ढीग नाही, पण येणं थांबतच नव्हतं. पाठीवर पोतं, फळीवरून वर, थरावर थर. पुढचे सगळे थर लागले होते, पण ट्रकच्या मागच्या दाराचा फाळका अजून खाली पाडलेलाच होता. मागच्या बाजूला ट्रकच्या रुंदीभर जागा मोकळी होती. ताडपत्री टपावर गुंडाळलेलीच होती, दोऱ्या सुटलेल्या नव्हत्या. ड्रायव्हर चाकाला टेकून बसला होता, पण त्याने जेवणाचा डबा उघडला नव्हता. एका हमालाने दुसऱ्याला विचारलं, "झालं का रं?" दुसरा म्हणाला, "न्हाई गड्या, अजून हाईत म्हनला शेट. थांब म्हनला."

मी धावतच आलो. चाचांना सांगितलं. फाळका, ताडपत्री, मोकळी जागा, न उघडलेला डबा, सगळं.

"मोकळी जागा किती पोत्यांची?"

मी हातांनी दाखवली. चाचांनी मनात पोती रचली. "साठाच्या आसपास हाय," ते म्हणाले. "आन् अर्धी गाडी घिऊन कोन भाडं भरत न्हाई. बसा. त्यो येतूय."

"आणि नाही आला तर?"

"तर मी चुकलो. बसा."

बसलो. दोन वाजले. अडीच वाजले. यार्डातली गर्दी पांगली. पोपटी शर्टवाला केव्हाच गेला होता. नंतर कळलं, त्याने दिवसभरात सात पोती घेतली होती. त्या दिवशीची सगळ्यांत मोठी गर्जना, सात पोत्यांची.

पावणेतीनला पेन्सिलवाला आला. एकटाच. चाचांना सलाम केला, माझ्याकडे अजिबात बघितलं नाही, पोत्यापाशी जाऊन एक हळकुंड मोडलं.

"साडेचौदा," तो म्हणाला. त्या दिवशी त्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

चाचांनी अक्काकडे बघितलं. माल तिचा होता.

माझ्या मनात आलं, घे अक्का. माल बदनाम झालाय, दिवस उतरलाय, दुसरा घेणारा नाही. साडेचौदात गाळा जातो, पण निदान हळद तरी जाईल. मी तोंड उघडणार होतो. अक्काने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं.

तिने पोत्यावर ठेवलेलं दाभण उचललं. सुतळी ओवली. आणि सकाळी उसवलेल्या पोत्यांपैकी पहिल्या पोत्याचं तोंड शिवायला घेतलं. घाई नाही, राग नाही. घरी गोधडी शिवते तशी. एक टाका, ओढ. दुसरा टाका, ओढ.

पेन्सिलवाला बघत राहिला. "चौदा सातशे," तो म्हणाला.

अक्काने पहिल्या पोत्याची गाठ मारली आणि दुसरं ओढलं. "दाजीस्नी फोन लाव," ती मला म्हणाली, "म्हनावं ट्रॅक्टर घिऊन या सांजच्याला. माल माघारी न्यायचा हाय."

मी फोन हातात घेतला. हा फोन मी खराच लावणार होतो. अक्काही खरंच माल परत नेणार होती. तिच्या हातात खोटं काही नव्हतं, आणि ते चार हातांवरून दिसत होतं. गाळा हातचा गेला तर गेला, पण पंधराच्या खाली तिला हळद द्यायचीच नव्हती. ती नंतर मला म्हणाली, "पंधराच्या खाली गाळा बी जातूय आन् हळद बी जाती. मग हळद तरी का घालवू?" एवढं सरळ गणित माझ्या शिडीवर मला कधी दिसलं नाही.

दुसऱ्या पोत्याचा निम्मा भाग शिवून झाला तेव्हा पेन्सिलवाल्याचा हात त्याच्या शर्टाच्या खिशाकडे गेला. पेन्सिल निघाली.

"पंधरा," तो म्हणाला. "न्हाई म्हनू नका ताई, गाडी थांबलीया."

अक्काने टाका तसाच सोडला. चाचांकडे बघून मान हलवली. चाचांनी पट्टी लिहायला घेतली. पेन्सिलवाला निघता निघता माझ्यापाशी थांबला.

"सकाळी लई चढवलंत," तो म्हणाला. "मी सोळापर्यंत आलो असतो. पर चष्मा बगितला आन् म्हनलं, ह्यो माणूस खरा न्हाई."

तो हसला नाही. हमालांना हाक मारायला गेला. मी मात्र त्याच्या त्या वाक्यावर अजून मधूनमधून हसतो, आणि मग हसू आटतं.

चाचांनी अक्काच्या हातात रक्कम दिली तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी खांद्याला धरून उभं केलं. "आवं, पडू नका. चूक समद्यांच्या हातनं व्हतीया. माझ्या वडलांनी पैल्यांदा रुमालाखाली हात घालाया लावला, तवा मी चुकून दोन बोटं जास्त धरली व्हती. चार दिस जेवायला बोलावलं न्हवतं." मग अक्काकडे वळून, "बाई, ह्यांना फुडल्या वर्षी बी आना. डोळं बरं हायती. फकस्त तोंड घरी ठिवून या म्हनावं."

आज मी ज्याला माझी विद्या म्हणतो, ती त्या दिवशी त्या तिघांनी मला फुकट दिली. हात बघायला सांगणारे चाचा. माझ्या नाटकाला न भुलता पेन्सिल खिशात ठेवणारा तो बुटका माणूस. आणि पोतं शिवत बसलेली अक्का. पडद्यावर आता मी मोठ्या आकड्यांकडे बघतच नाही. शेजारच्या रकान्यात, थोडं थोडं करून कोण गाडी भरतंय, ते शोधतो. सापडतंच असं नाही, पण सापडलं नाही तर आता मी गप्प बसतो, आणि हे शिकायला मला साताऱ्यातल्या कुठल्याही शिकवणीत जागा मिळाली नसती.

अक्काने दाजींना सांगितलं, "पंधरा मिळालं." एवढंच. पंधरा शंभरचा विषय तिने त्या दिवशीही काढला नाही आणि आजवर काढला नाही. मी आपणहून काढला तर म्हणते, "गप ऱ्हा, जीव वाचला न्हवं."

चार वाजता आम्ही रिक्षाने कुपवाडला पोचलो. कारखान्यांची पाळी सुटायची वेळ, रस्ताभर दुचाक्या. गाळ्याचा मालक दारातच उभा होता, शेजारचा नट-बोल्टवालाही होता. अनामत दिली, पावती घेतली, किल्ली घेतली. नट-बोल्टवाला म्हणाला, "बगा ताई, धूळ इकडं येऊ देऊ नका." अक्का म्हणाली, "तुमचा खडखडाट तिकडं ठिवा, माजी धूळ हिकडं ठिवते." तिथेच त्यांची शेजारी म्हणून ओळख झाली.

मग शटर वर गेलं. आत काही नव्हतं. कोपऱ्यात एक तुटकी खुर्ची, भिंतीवर विजेचा बोर्ड, पत्र्याच्या भोकांतून येणारं ऊन. बोर्ड मी उघडून तपासला. थ्री फेज होती, फक्त एका फ्यूजची तार जळाली होती. त्या गाळ्यात त्या दिवशी मला खरंच कळणारी तेवढी एकच गोष्ट होती, तेव्हा मी ती बसवून दिली.

अक्काने पावलांनी गाळा मोजला. दारापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून बोर्डापर्यंत. "हितं चक्की," ती म्हणाली. "तितं चाळणी. पोती हिकडं." पण तिला ते डोळ्यांसमोर येईना.

"तू हितं हुबा ऱ्हा," ती मला म्हणाली. "चक्की म्हनून."

मी उभा राहिलो. तिने दाजींना फोन लावला आणि मोटार कुठल्या बाजूला असते ते विचारलं. दाजी म्हणाले, "डाव्या." मी डावा हात बाहेर काढला. ती माझ्याभोवती फिरली, वाकून बघितलं, दारापर्यंत गेली, परत आली, आणि मला दोन वीत मागे सरकायला सांगितलं. मी सरकलो. अजून जरा, ती म्हणाली, मागनं झाडायला जागा पायजे. मी अजून सरकलो, भिंतीला हात लागला, आणि ऊन कलेपर्यंत तसाच उभा राहिलो.